काष्टीहून मालवणला, मोटारलाँचने

शुक्रवार, १५ जानेवारी १९७१. पहाटेचे सव्वाचार. मी नटबोल्टच्या पान्यांची पिशवी पुन्हा उघडून तपासत होतो आणि माझी बायको सिंधू भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपली होती. थंडी पडली की तिची छाती भरते. आडवे झाले की दम लागतो. लग्नानंतरचे दोन्ही हिवाळे तिने असेच बसून काढले. नगरचे डॉक्टर शेवटी म्हणाले, हिवाळ्यात हिला समुद्राच्या उबेला नेऊन पाहा. काष्टीत समुद्र कुठून आणायचा?

तो इंजिनामुळे आला. मी सातवी झालेला, विहिरींवरची डिझेल इंजिने दुरुस्त करतो. मालवणच्या एका शेठने मुंबईत जुनी मोटारलाँच घेतली, तिला आमच्याकडे विहिरीवर असते त्याच जातीचे इंजिन. ती मालवणला नेताना सोबत फिटर हवा होता. बायकोला आणा, हवा मानवली तर खोली देऊन कायमचे ठेवू, असा निरोप आला. आई म्हणाली, “पौषात कोनी नवं काम धरीत न्हाई.” मी म्हटले, धरत नाही, नुसते बघून येतो.

पॅसेंजरने दौंड, तिथे गाडी बदलून मुंबई. दौंडला फलाट बदलावा लागतो, म्हणून सामान कमीच न्यावे. आमच्याकडे वळकटी, भाकरी-चटणी, संक्रांतीच्या तिळगुळाचा डबा आणि माझे पाने, एवढेच होते. भाऊच्या धक्क्यापर्यंत घोडागाडीवाल्याने तीन रुपये मागितले, दोनात आला.

लाँचवर ती चालवणारे अण्णा तांडेल आणि दोन खलाशी. अण्णा साठीचे, मालवणचेच. दुसऱ्या दिवशी भरतीला निघालो. दीपस्तंभ मागे पडला आणि मी कठड्याला लागलो तो दुपारपर्यंत सुटलो नाही. (रिकाम्या पोटी चढू नका. लिंबू जवळ ठेवा.) सिंधूला काही झाले नाही. ती सुकाणूजवळ बसून माझ्या वाटणीची भाकरी खात होती. तिचे माहेर पाथर्डीकडचे, तिथे हंड्यासाठी कोसभर चालावे लागते. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “एवढं पानी, आन एक घोट कामाचा न्हाई.” अण्णा इतके हसले की बिडी पाण्यात पडली.

मुक्काम दिघीच्या खाडीत. स्टोव्हच्या धुराने तिला खोकला आला आणि ती बसूनच झोपली. मला वाटले, झाले, फुकट आलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून घोटाळा झाला. ही इंजिने थंड ठेवायला सतत पाणी फिरवावे लागते. आमच्याकडे मचूळ विहीर असेल तर शेतकरी टाकी बांधून गोडे पाणीच फिरवतो, कारण क्षार लोखंड खातात. इथे तर नळीतून सरळ समुद्राचे पाणी आत जात होते. ते मला पाहवेना. निघण्यापूर्वी मी कुणाला न विचारता समुद्राचे पाणी आत घेणारा खालचा कॉक बंद केला आणि नळ्या शेजारच्या गोड्या पाण्याच्या पिंपाला जोडल्या. इंजिन छान चालले. मी खूश.

हर्णैच्या समोर खलाशाने चहासाठी पिंपात तांब्या बुडवला. पाणी कढत, तांबडे, वर तेलाचा तवंग. पिण्याचे पाणी तेवढेच होते.

अण्णा ओरडले नाहीत, ते जास्त लागले. म्हणाले, “इंजिन दर्याचाच पाणी पिता रे. माणसांचा त्येका कित्याक दिलंस?”

मी नळ्या पूर्ववत केल्या, पण लक्ष सगळे सिंधूकडे. छाती भरली की तिला कोमट पाण्याचे घोट लागतात, आणि दाभोळची खाडी अजून लांब होती. ऊन चढले. तिचे ओठ सुकले. मी सारखे विचारत होतो, दम लागतोय का? ती म्हणाली, “तुमच्या इचारन्यानंच लागंल.”

दुपारी एक मच्छीमारी होडी दिसली, बरीच लांब. इंजिनाच्या आवाजात अण्णांची हाक पोचेना. तेव्हा सिंधू उठली, पदर खोचला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, “ओ दादा, पानी हाय का पानी?” एकदा नव्हे, पाच-सहा वेळा, न थांबता. होडी वळली. त्यांनी घागर दिली, पैसे घेईनात. सिंधूने तिळगुळाचा डबाच त्यांच्या हाती ठेवला.

सगळे प्यायला लागले. मी मात्र तसाच उभा होतो. दोन वर्षांत तिला एवढ्या मोठ्याने ओरडताना मी ऐकले नव्हते. घरात चूल फुंकून ती मला हाक मारायची तर दारापर्यंत आवाज येत नसे.

दाभोळला ती आडवी झाली आणि सकाळपर्यंत आडवीच राहिली. मी जागाच होतो, तिच्या श्वासावर कान ठेवून.

घर सोडल्यापासून चौथ्या दिवशी मालवण. किल्ला उजवीकडे ठेवून आत शिरलो. शेठने बंदराजवळची खोली दाखवली. सिंधू म्हणाली, “मला हितं लई बरं वाटतं. पर आत्याबाई एकल्या पडतील.” आत्याबाई म्हणजे माझी आई. मी शेठला आठ दिवसांत कळवतो म्हटले. परतीला एसटी केली. घाटात खिडकीजवळ बसू नये, गार लागते.

काष्टीत आलो त्याच रात्री सिंधू उठून भिंतीला टेकली. आई अंथरुणातून पाहत होती. सकाळी चुलीपाशी आई एवढेच म्हणाली, “अमावस्या झाली की निघा. पौष सरंल.”

खर्च असा: जाताना रेल्वे, घोडागाडी, चहा मिळून पंचवीस रुपये. लाँचवर जेवण शेठचे. परतीची एसटी आणि खाणे छत्तीस. एकूण एकसष्ट.

देणे: आईचे वीस रुपये, निघताना घेतलेले. आज द्यायला गेलो तर तिने घेतले नाहीत. मालवणला येऊन घेईन म्हणाली.