शेकोटीजवळचं टेबल

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून विमान, लंडनहून आगगाडी, मग बस, मग पायपीट, एवढा खटाटोप करून आम्ही पोचलो तिथे बघायला काहीच नव्हतं. चर्च, तळं, दहाबारा घरं आणि एक पब.

माझा नवरा मंदार सिंगापुरात, तुआसला, जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचे जुने साहेब जॉर्ज या इंग्लिश वाडीत जन्मले, पोरवयात बोटीवर गेले, निम्मं आयुष्य सिंगापुरात काढून म्हातारपणी परतले. तुआसच्या उकाड्यात त्यांनी वाडीची इतकी तारीफ केली होती, की मला वाटलं, राजवाडा शेजारीच असणार.

साहेबांनी उत्साहाने गाव दाखवलं. चर्चचा मनोरा कललेला. बांधतानाच कलला म्हणे, आणि त्याचा गावाला अभिमान. तळ्यावर कुठल्याशा राजाचा घोडा पाणी प्यायला होता. राजा कोण यावर वाद आहे, घोड्याबद्दल एकमत. टेलिफोनच्या लाल खोक्यात फोनऐवजी जुनी पुस्तकं. आमची दहा वर्षांची सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "फिनिश ऑलरेडी? सो स्मॉल लाह."

वाटेत भेटलेले लोक साहेबांना हवापाण्याचं बोलून पुढे सटकत होते. पबच्या दारात साहेब म्हणाले, "इथे मी सिंगापूरवाला. तिथे मी गोरा होतो." हसत म्हणाले, पण मला वाईट वाटलं.

पब रिकामा होता. जेवण काउंटरवर जाऊन मागायचं होतं, म्हणून मी सवयीने शेकोटीजवळच्या टेबलावर टिश्यूचं पुडकं ठेवलं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरात (छपराखालच्या खाऊगल्लीत) याला 'चोप' करणं (जागा धरणं) म्हणतात. त्या पुडक्याला भलेभले हात लावत नाहीत. साहेबांचा चेहरा मात्र पडला. ते टेबल गावच्या दोन म्हाताऱ्यांचं होतं, त्यांच्या बापजाद्यांपासूनचं. परतल्यापासून साहेब बसत ते संडासाच्या दाराशी.

तेवढ्यात ते दोघे आलेच, कुत्र्यासकट. पुडक्याकडे बघत उभे राहिले. इंग्रज माणूस उठा म्हणत नाही, नुसता उभा राहून जीव नकोसा करतो. मी पुडकं उचलायला निघाले, तर सईने हात धरला. "कॅनॉट, आई. चोप ऑलरेडी."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "टेबल मी धरलंय. मी राहिलो तिथे असाच कायदा आहे."

कुत्रं सरळ शेकोटीपुढे जाऊन पसरलं. मग दोघांतला थोरला खुर्ची ओढून साहेबांसमोर बसला. "तू पाणचक्कीवाल्याचा धाकटा ना? तुझा बापही असाच आगाऊ होता."

पुढे दुपारभर तिघे भांडत बसले, त्या घोड्याच्या राजावरून. आम्हाला कुणी विचारेना. बटाटे थंड होते, मासा बेचव होता, आणि साहेब खुशीत होते.

परत आल्यावर महिन्याभराने आम्ही घराजवळच्या हॉकर सेंटरात लक्सा (नारळाच्या दुधातल्या तिखट शेवया) घ्यायला रांगेत उभे होतो. साहेबांचा मेसेज आला. मंदारने मोठ्याने वाचला. "आज पबात जायला उशीर झाला. शेकोटीजवळच्या माझ्या खुर्चीवर कुणीतरी टिश्यूचं पुडकं ठेवलं होतं. कुणी ठेवलं विचारलं, तर दोघेही खिडकीबाहेर बघत बसले."

एवढंसं गाव, बघायला काहीच नाही, आणि मला भर रांगेत रडू फुटलं. डोळे पुसायला पर्स उघडली, तर टिश्यू टेबलावर जागा धरून बसलेले.