बारवेच्या पायऱ्या आणि दोन समित्या

१९७३ च्या मे महिन्यात मिरजगावजवळच्या एका गावातील बारवेच्या पायऱ्या तोडण्याचा हुकूम निघाला. त्याच आठवड्यात माझ्या पत्नीचा संशोधनासाठीचा अर्ज दिल्लीहून दुसऱ्यांदा परत आला. काम सुरू व्हायला नऊ दिवस होते.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. पत्नी शहरातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. मार्चपासून दर रविवारी आम्ही एस.टी.ने त्या गावी जात होतो. ती बारवेतून पाण्याच्या बाटल्या भरत असे आणि मी त्या पिशवीत उभ्या धरून परत आणत असे.

गावात नारू होता. नारू म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा किडा. तो बहुधा पायातून बाहेर पडतो. आधी फोड येतो, आग होते, आणि माणूस पाय गार पाण्यात बुडवतो. त्या क्षणी किड्याची पिल्ले पाण्यात सुटतात. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव असतो. तो ती पिल्ले गिळतो आणि माणूस ते पाणी पितो. वर्षभराने त्याच्या पायाला फोड येतो. विहिरीला कठडा बांधून वरून रहाटाने पाणी काढले, तर पाय पाण्याला लागत नाही. बारवेला मात्र पायऱ्या असतात. त्या वर्षी दुष्काळामुळे पाणी तळाला गेले होते आणि घागर भरायला गुडघाभर पाण्यात उतरावे लागे. म्हणून पायऱ्या तोडून वर रहाट बसवायचे ठरले होते.

पत्नीच्या वहीत दर रविवारचे पाणी होते. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या रजिस्टरात पाय होते: कोणाला फोड आला, कधी आला, तो पाणी कुठे भरतो. दोन्ही नोंदी तारखेने जुळवल्या, तर फोड आलेला माणूस उतरल्यावर किती दिवसांनी कोणत्या पायरीवरचे पाणी बाधते हे कळणार होते. पायऱ्या गेल्यावर शेवटचा आठवडा पुन्हा मिळणार नव्हता. पण रजिस्टर बाहेरच्या व्यक्तीला दाखवायचे तर मंजूर प्रकल्पाचे पत्र हवे होते, आणि पत्र मिळत नव्हते.

पैसे देणाऱ्या संस्थेत विषयवार समित्या होत्या. प्राणिशास्त्राच्या समितीने शेरा मारला होता, "विषय वैद्यकाचा आहे." वैद्यकाच्या समितीने लिहिले होते, "प्रमुख अर्जदार वैद्यकीय पदवीधर नाहीत." डॉक्टरांना बरोबरीचे प्रमुख म्हणून घालता येत नव्हते, कारण एका अर्जाला एकच प्रमुख, असा नियम होता.

पत्नीने संस्थेला तार केली. पायऱ्या तुटण्याची तारीख तिने तारेत घातली. चौथ्या दिवशी उत्तर आले. दोन्ही समित्यांचे एकेक परीक्षक येत होते, आणि एकाच मोटारीने.

ते आले त्या दिवशी सकाळी दहालाच उन्हाने दगड तापले होते. प्राणिशास्त्राचे परीक्षक उतरताच पायऱ्या उतरून पाण्याजवळ बसले आणि बाटली उन्हात धरून पाहू लागले. वैद्यकाचे परीक्षक काठावरच थांबले. तिथे एक म्हातारी एका बाईच्या घोट्यातला नारू काडीवर गुंडाळत होती. दिवसाला एक वेढा, त्याहून जास्त नाही. ते तिच्याजवळ वाकले.

"तोडू नका," ते म्हणाले.

"आजवर एक तुटला न्हाई," म्हातारी म्हणाली. "तुमी सावली सोडा. दिसंना झालंय."

मधल्या पायऱ्यांवर आम्ही उभे होतो: पत्नी, डॉक्टर, कामाचा ओव्हरसिअर आणि मी. घागरी घेतलेल्या बायकांना वाट मिळत नव्हती.

"एक साहेब खाली, एक साहेब वर," त्यांतली एक म्हणाली. "आन् मधी ही वरात. आमी पानी नेयाचं का न्हाई?"

दुसरी हसली. डॉक्टर बाजूला सरकले.

सरपंच आले. त्यांच्या मुलीलाच मागच्या वर्षी नारू झाला होता, हे आम्हाला ठाऊक होते. त्यांनी नमस्कार केला नाही.

"बाई, मी आईकलंय, तुमच्यापायी काम थांबनार हाय. तुमचं मोजनं हुईस्तवर आमी काड्यावर नारू गुंडाळत बसायचं का?"

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले. वैद्यकाच्या परीक्षकांनी विचारले, "काम पुढे ढकलावे अशी आपली मागणी आहे काय? तशी असेल तर आताच सांगा. पावसाळ्यापर्यंत पायऱ्या राहिल्या तर अभ्यास पक्का होईल. समितीलाही पटवता येईल."

ओव्हरसिअर कागदाची घडी उलगडून उभा होता. मागणी केली असती, तर मंजुरी मिळण्याची शक्यता होती, हे तिथल्या प्रत्येकाला समजले होते.

"नाही," ती म्हणाली. "ठरलेल्या दिवशी पायऱ्या तोडा. तोपर्यंतचे पाच दिवस मला आणि डॉक्टरांना इथे एकत्र बसू द्या."

सरपंच तिथेच काठावर टेकले.

प्राणिशास्त्राचे परीक्षक वर आले. "पाण्यापुरती शिफारस मी आजच करतो," ते म्हणाले.

"रुग्णांपुरती मी करीन," दुसरे म्हणाले. "पण ती डॉक्टरांच्या नावाने. वेगळा अर्ज लागेल."

"दोन वेगळे प्रकल्प झाले, तर माझ्या पत्रात रुग्ण नसतील आणि डॉक्टरांचे रजिस्टर माझ्यासाठी बंदच राहील," पत्नी म्हणाली. "मग मी पाण्यातले जीव मोजीन, ते पाय मोजतील. हे तर मार्चपासून चालूच आहे."

"नियम आम्ही केलेले नाहीत, बाई."

"मोटार तरी एक केलीत ना," डॉक्टर म्हणाले.

वैद्यकाचे परीक्षक हसले नाहीत. त्यांनी शाळेतून फुलस्केप कागद मागवला. दोघे परीक्षक शाळेच्या ओट्यावर बसले. वाक्यांवरून त्यांचा वाद झाला. "प्रमुख" हा शब्द दोनदा खोडला गेला. दुपारी अडीचला एकच शिफारस तयार झाली आणि तिच्याखाली दोघांच्या सह्या पडल्या. शिफारशीत दोन प्रमुख होते. अशा अर्जांसाठी दोन्ही समित्यांनी एकत्र बसावे, असेही शेवटी लिहिले होते.

डॉक्टरांनी विचारले, "या कागदावर मी रजिस्टर देऊ?"

"ही मंजुरी नव्हे, शिफारस आहे," वैद्यकाचे परीक्षक म्हणाले. "आपल्या वरिष्ठांना विचारा."

वरिष्ठांना डॉक्टरांनी एप्रिलमध्येच विचारले होते. उत्तर आलेले नव्हते.

मोटार गेली. डॉक्टर सायकलवरून केंद्रात जाऊन आले. त्यांच्या हातात रजिस्टर होते. ते बारवेच्या काठावर बसले आणि त्यांनी ते स्वतःच्या मांडीवर उघडले. पत्नीने हात पुढे केला नाही.

"द्यायला मनाई आहे," ते म्हणाले. "मोठ्याने वाचायला आहे की नाही, ते कुठे लिहिलेले नाही. नावे वाचणार नाही. तारीख, वय, कोणता पाय, एवढेच."

"तुमच्यावर येईल," पत्नी म्हणाली.

"लिहा. सात एप्रिल. वय तीस. डावा."

तिने लिहून घेतले. पाच दिवस तसेच चालले. सकाळी ज्या पायरीवर फोड आलेला माणूस उतरे, त्या पायरीवरचे पाणी ती भरी. दुपारी शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी होई. उन्हाच्या वेळी डॉक्टर जुन्या नोंदी वाचत. तिसऱ्या दिवशी सरपंचांनी बायकांसाठी खालच्या पायऱ्यांवर एक माणूस उभा केला. फोड आलेल्याला तो पाण्यात उतरू देईना, पाणी भरून वर आणून देई. त्यामुळे पत्नीची पुढच्या दोन दिवसांची मोजणी बिघडली. तिने वहीत तसे कारणासह नोंदवले आणि त्याला तिथेच उभे राहू दिले.

सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता पहिल्या पायरीवर पहार पडली.

जुलैत डॉक्टरांची खानदेशात बदली झाली. बदलीच्या हुकुमात कारण दिलेले नव्हते. ऑगस्टमध्ये दोन्ही समित्यांची एकत्र बैठक झाल्याचे आणि प्रकल्प दोन वर्षांसाठी मंजूर झाल्याचे पत्र आले. पत्रावर दोन्ही समित्यांचे क्रमांक होते. त्यात पत्नी आणि डॉक्टर असे दोन प्रमुख होते. मात्र दुसरे प्रमुख त्या केंद्रावर कामाला असावेत, अशी अट होती.

नवीन डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचले आणि रजिस्टर पत्नीच्या हाती दिले. तिने त्याच दिवशी संस्थेला लिहिले की जुन्या नोंदी ज्यांनी केल्या त्यांचेच नाव राहावे, अट काढावी. महिनाभर उत्तर आले नाही. तिने पुन्हा लिहिले.

उत्तर ऑक्टोबरात आले. ते एका ओळीचे होते: बदली झाली असली तरी डॉक्टरांचे नाव कायम ठेवण्यास संस्थेची हरकत नाही.