पाणघरच्या पुराचा फासा

हे मी आजवर कोणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, जतिनच्या नाही—आणि जिला सांगायला हवं होतं तिच्या तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या जिन्यात भेटणार नाही. ऐकून कदाचित हसाल. गोष्ट एका खेळाची आहे. चाळिशीला टेकलेला बाप्या एका खेळाचं एवढं काय उगाळत बसलाय, असं वाटेल. वाटू दे.

आधी खेळ सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. टेबलाभोवती बसायचं आणि बोलत बोलत खेळायचं. एकजण एक जग चालवतो—तिथला पाऊस, बाजार, चोर, शिपाई, सगळं तोच. बाकीचे त्या जगातलं एकेक माणूस होतात. मी दार ढकलतो, मी पळतो, मी राजाला शिवी घालतो, असं म्हणायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर जमलं, छोटा पडला तर बोंबललं.

आमचं जग म्हणजे एक शहर होतं. पाणघर. चालवायचो मी. उल्हासनगरात जतिनच्या वडिलांचं पॅकिंगच्या सामानाचं दुकान होतं, त्याच्या पोटमाळ्यावर आम्ही जमायचो—दुकान बंद असायचं त्या दिवशी, दुपारी, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर बसून. जतिन सिंधी, पण मराठी शिव्या आमच्यापेक्षा सफाईने द्यायचा. मी बदलापूरहून जायचो, प्रज्ञा अंबरनाथहून यायची. मधूनमधून आणखी कोणी येऊन बसायचं, कंटाळून जायचं. खरे आम्ही तिघंच.

पाणघर आम्ही सगळं आजूबाजूचंच चोरलं होतं. त्यात एक नकलेचा बाजार होता, जिथे कुठल्याही वस्तूची हुबेहूब दुसरी मिळायची आणि दुकानदार अस्सलपेक्षा नकलेची गॅरंटी जास्त द्यायचा. एक लांबच लांब भिंत होती. तिच्या आत भोंगा व्हायचा, हजारो माणसं आत जायची, आणि आत काय बनतं ते कोणी विचारायचं नाही. प्रज्ञाचे बाबा अंबरनाथला तसल्याच भिंतीआड, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नोकरीला होते. आणि नदी होती. दरवर्षी पावसात ती घरात यायची—बदलापुरात आमच्या मांजर्लीत येते तशी. त्यावर प्रज्ञाने शहराला एक कायदा दिला होता: पाणी चढलं की वरच्या मजल्यावरच्याने खालच्याला दार उघडायचंच. वैरी असला तरी. हा कायदा मला सुचला नव्हता, तिला सुचला. मला नेहमी मारामाऱ्याच सुचायच्या.

प्रज्ञाचं पात्र म्हणजे सावळी नावाची होडीवाली. पाणघरला एक दर्यादरवाजा होता, त्यापलीकडे समुद्र. तिथून आजवर कोणी बाहेर पडलं नव्हतं. सावळीला पडायचं होतं. वर्षभर ती त्याच्याच मागे लागली होती—होडी बांधली, पहारेकऱ्यांना फितवलं, भरतीच्या वेळा शिकली. जतिनचं पात्र तर शेवटी तिचा हमाल झालं होतं. "भाई, मैं तो उसका सामान उठाने के लिए ही पैदा हुआ हूँ," असं म्हणायचा बिचारा.

आता तुम्ही म्हणाल, त्यात लपवण्यासारखं काय? थांबा ना. येतोय. पाय ओढत येतोय, कळतंय मला.

आमच्याकडे एक पद्धत होती. आपापला फासा ज्याने त्याने सगळ्यांसमोर टाकायचा. पण पुराचा फासा माझा. नदी माझी, म्हणून तिचा फासा मी टाकायचो, खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा केला होता त्याच्यामागे. मी आकडा मोठ्याने सांगायचो आणि फासा स्टीलच्या वाटीत टाकायचो, खण्णकन. झालं. आडोशामागे कोणी कधी डोकावलं नाही. डोकावायचं नाही असा नियमही नव्हता. गरजच वाटली नाही कोणाला.

प्रज्ञा चित्रं काढायची. पाणघरची तिने इतकी चित्रं काढली होती—जिने, होड्या, नकलेच्या बाजारातल्या म्हाताऱ्या—की मी शहराचं वर्णन करताना तिची चित्रं आठवून बोलायचो. ती चित्रं तिने बंगलोरच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीला पाठवली. आणि त्यांनी तिला बोलावलं. नोकरीवर! त्यांचा फोन आला त्या आठवड्यात तिचा चेहराच बदलला होता. पण घरी बाबांना अर्धांगवायू झालेला, आई एकटी, भावाने कधीच वेगळा संसार थाटलेला. जायचं म्हणजे आईवर सगळं टाकून जायचं. कंपनीला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं आणि तिने घरी विषयसुद्धा काढला नव्हता.

त्या दिवशी खाली दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघं जतिनची वाट बघत बसलो होतो. तो दाल-पकवान आणायला गेला होता. ती एकदम म्हणाली, "आज सावळी दर्यादरवाजातून बाहेर पडली ना, तर मी संध्याकाळी घरी सांगून टाकते. बुडाली तर विषय संपला. च्यायला, माझं मला ठरवताच येत नाहीये रे."

मी हसलो. "वेडी आहेस का?" एवढं तरी म्हणायचं ना? तेवढंही म्हटलं नाही. म्हटलं, "बघू."

आणि वर गेल्यावर ती म्हणाली, आजचा फासा खरा माझा, पण पुराचा समजून तूच टाक, माझ्या हाताचा मला भरवसा नाही.

सावळी बाहेर पडायला अकराच्या वर हवा होता. मी टाकला. पुठ्ठ्याला आपटून तो माझ्या मनगटाजवळ येऊन थांबला. अठरा. काळ्या फाशावर पांढरा अठरा. मी नीट बघितला—चुकून वाचला, घाईत वाचला, असलं काही नाही. मी म्हणालो, "चार."

आणि फासा वाटीत टाकला. खण्णकन.

का? तुम्हाला वाटेल माझं तिच्यावर प्रेम होतं, ती जाऊ नये म्हणून केलं. तसं असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. प्रेमबिम काही नव्हतं. ती गेली की पाणघर संपणार होतं, आणि पाणघर सोडलं तर मी कोण होतो? एका मेडिकलच्या काउंटरवर उभा राहणारा, मालकाच्या शिव्या खाणारा. त्या पोटमाळ्यावर मी नदी होतो, पाऊस होतो. आणि दुसरं—हे जास्त लाजेचं आहे—ती आमचं शहर घेऊन निघाली होती. शहर दोघांचं आणि बोलावणं तिला एकटीला? पोटात दुखलं माझ्या. हेवा. सरळ शब्द आहे, सरळच वापरतो.

ती रडली नाही. जतिनच ओरडला, "अरे यार, ये क्या बात हुई!" त्याने परत टाकायला सांगितलं, भांडला माझ्याशी. प्रज्ञानेच त्याला गप्प केलं. पडला तो पडला, म्हणाली. मग मला सावळीचं बुडणं सांगावं लागलं—आणि मी ते मन लावून सांगितलं. होडी कशी आडवी झाली, वल्हं कसं हातून गेलं, सगळं. छान सांगितलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर वर्णन असेल ते. जतिनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. निघताना प्रज्ञा हसून म्हणाली, "चला, निकाल लागला एकदाचा." तिने रोजच्यासारखे चहाचे कप विसळले आणि अंबरनाथला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने बंगलोरला ‘येत नाही’ म्हणून कळवलं.

खरं सांगायला वेळ नव्हता का? सबंध रात्र होती की. फोन खिशात होता. त्यानंतरही कंपनीने तिला एकदा विचारलं होतं, पुन्हा विचार करा म्हणून—ते तिने मलाच सांगितलं. तेव्हाही मी मान हलवून ऐकून घेतलं.

आणि ज्याच्यासाठी केलं ते पाणघर? चार महिनेसुद्धा टिकलं नाही. सावळीनंतर प्रज्ञाने दुसरं पात्र घेतलं, पण जीव नव्हता त्यात. नुसतं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मग जतिनचं लग्न झालं, पोटमाळ्यावर माल भरला, संपलं. चित्रं काढणं तिने कधी सोडलं ते मला माहीत नाही. विचारायची माझी टाप नाही.

बाबा गेले. फॅक्टरीचं क्वार्टर सोडावं लागलं. तेव्हा आमच्या बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट तिला मीच दाखवला. स्वस्त होता—का स्वस्त होता ते मांजर्लीतल्या कोणालाही विचारा. म्हणजे बघा, तेसुद्धा मीच. आता ती अंबरनाथच्या एमआयडीसीत एका ऑफिसात बिलं बनवते. केस पांढरे झालेत. लग्न केलं नाही. आईचं सगळं तीच करते. माझ्या बायकोची मैत्रीण आहे, माझी मुलगी ओवी तिला आत्या म्हणते.

यंदा पाणी आलं. सकाळी वर आमचं दार वाजलं, उघडलं तर प्रज्ञा, तिची आई, टॉवेलात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती आणि औषधांची पिशवी. कंबरेपर्यंत भिजलेली, तरी हसत होती. "उघडलंस ना? उघडावंच लागतं. कायदा आहे."

ओवीने दुपारी शोकेसमधून तो काळा फासा काढला. मी तो ठेवलाय. का ठेवलाय, माहीत नाही. ही कसली गोटी, तिने विचारलं. आणि प्रज्ञाने तिला सगळं पाणघर सांगितलं—मी विसरलेल्या गल्ल्या, मी विसरलेली नावं, नकलेच्या बाजारातली म्हातारी कोणत्या हातात काठी धरायची तेसुद्धा. एक गल्ली तिने चुकवली नाही.

"मग सावळी गेली का बाहेर?"

"नाही गं. चार पडला."

"मग परत टाकायचा ना!"

"परत नसतो टाकायचा. आणि तुझ्या बाबाने टाकला होता. तो काय खोटं बोलणारे?"

मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. ती दाराशी आली, ओवीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "खरं सांगू, त्या चारने माझे डोळे उघडले. नाहीतर गेले असते आणि तिथे तोंडावर आपटले असते. आपली पोच केवढी ते त्याच दिवशी कळलं मला."

मी तिला विचारलं, साखर किती घालू. ती बिनसाखरेचा पिते. कित्येक वर्षं बिनसाखरेचाच पिते.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. मी खाली जाऊन तिच्या घरातला चिखल ओढला, गाद्या बाहेर काढल्या, फ्रीज उभा केला. काकी, म्हणजे तिची आई, डोळे पुसत बसली होती. प्रज्ञाने माझ्या हातातला झाडू घेतला आणि म्हणाली, "तू आहेस म्हणून निभावलं रे. नाहीतर आमचं कोण होतं इथे?"

"शेजारी कशाला असतात मग?" मी म्हणालो. तोंड वर करून म्हणालो.