भोपळ्याच्या फुलांचा केक

तिचं खरं नाव काय, हे तिच्या नवऱ्यालाही जरा आठवून सांगावं लागायचं. अख्खी गल्ली तिला साखरी म्हणायची. ‘नाव साखरी आणि जीभ मिरची,’ असं तिचा थोरला भाऊ चारचौघांत म्हणायचा. त्यावर ती म्हणायची, “साखर माझ्या हातात असते, दादा. तोंडात ठेवली तर धंदा कशाचा करू?”

केकवर बसवायची साखरेची फुलं करणं, हा तिचा धंदा. कुणाचं लग्न असो, वाढदिवस असो, नाहीतर नोकरीतला निरोपसमारंभ, फुलं साखरीकडूनच जायची. ती बेकरीत कामाला लागली तेव्हा बायकांनी नुसती खोकी बांधायची, असा तिथला रिवाज होता. सजावटीच्या टेबलाशी उस्ताद बसायचे. “बाईचे हात गरम. साखरेला घाम फुटतो,” असं त्यांचं ठाम मत. एक दिवस साखरीनं थंडगार पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवले, खसाखसा पुसले, आणि उस्तादांच्या डोळ्यांदेखत साखरेच्या लगद्याचा गोळा उचलून पाकळी लाटायला घेतली. पाकळी वाकडी झाली. उस्ताद पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा बादलीत हात घातले. शेवटी हसून हसून उस्तादच दमले आणि एका सकाळी त्यांनी आपलं लाटणं तिच्याकडे सरकवलं.

पुढे ती घरीच काम करू लागली. तिचा एक हट्ट होता. केकवर जे दिसेल ते खाता आलंच पाहिजे. तार नको, प्लॅस्टिक नको. “फूल बघून पोरानं हात पुढे करावा आणि आईनं त्या हातावर फटका मारावा, तर ते फूल कसलं? शोभेचा धोंडा!” फुलं वाळत असली की चुलीवर काही उकळायचं नाही, हा दुसरा नियम. वाफ लागली की पाकळ्या माना टाकतात. त्या दिवसांत तिचा नवरा निमूटपणे पाव आणि गार दूध घ्यायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “घरात फुलं आजारी आहेत.”

अशा या साखरीकडे एक दिवस तिची ताई आली. खुर्चीत बसली, पुन्हा उठली, खिडकीपाशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, “मी लग्न करतेय.”

ताई साठीची होती. आई गेली तेव्हा साखरी इतकी लहान होती की तिला आईचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. ताईनं शाळा सोडली, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला लागली, भावाला शिकवलं, बहिणीला वाढवलं. तिला स्थळं यायची ती दारातूनच परत जायची. मग स्थळंच येईनाशी झाली. आणि आता कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यानं तिला विचारलं होतं. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. ताई आपलं जुनं घड्याळ सारखं त्याच्याकडे दुरुस्तीला न्यायची. ते घड्याळ एवढं वरचेवर कसं बिघडतं, अशी शंका मात्र कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

साखरीनं आधी तिला घट्ट मिठी मारली, मग खांद्याला धरून गदागदा हलवलं. “केक माझा! तीन मजली! कुठली फुलं करू? गुलाब?”

“गुलाब नकोत गं. मला कुणी कधी गुलाब दिला नाही, उगाच ओळख कशाला दाखवायची?” ताई हसली. “भोपळ्याची कर.”

ताईच्या गच्चीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत भोपळ्याचे वेल होते. हातात पैसा नसलेल्या दिवसांत त्या वेलांनीच तिघांना तारलं होतं. साखरीनं दुसऱ्याच दिवशी वेलावरचं ताजं फूल आणून समोर ठेवलं. भोपळ्याचं फूल काही नाजूक साजूक नसतं. चांगलं तळहाताएवढं, झगझगीत पिवळं, कर्ण्यासारखं तोंड उघडून बसलेलं. तिनं लगदा कागदासारखा पातळ लाटला, पाच टोकं कापली, कडेवरून दात कोरायची काडी फिरवून चुणी पाडली आणि तो कागदाच्या शंकूवर वाळायला ठेवला. वाळल्यावर कुंचल्यानं खायचा रंग दिला, देठाकडे हिरवा, मग पिवळा आणि वर जाता जाता केशरी. टेबलभर फुलं उभी राहिली.

तेवढ्यात दादा आला. दादाचं नळसामानाचं दुकान होतं, गावात मान होता, आणि तो मान सांडू नये म्हणून तो नेहमी भरल्या घागरीसारखा जपून चालायचा.

“हे काय?” त्यानं विचारलं.

“ताईच्या केकची फुलं.”

“तेच म्हणतोय मी. कचेरीत जायचं, सह्या करायच्या, घरी यायचं. एवढं पुरे नाही का? हॉल काय, तीन मजली केक काय! लोकांना वाटेल पहिलंच लग्न आहे.”

“पहिलंच आहे की,” साखरी म्हणाली.

दादाचा आवाज चढला. “या वयात शोभतं का? लोक तोंडावर गोड बोलतील आणि पाठ वळली की फिदीफिदी हसतील. आणि फुलं तरी कसली, तर भोपळ्याची! हसायला आयतं कारण. साधा केक ने, फुलंबिलं नकोत. मी सांगतोय ना!” असं म्हणून त्यानं टेबलावर मूठ आपटली.

वाळलेली साखर काचेसारखी असते. टेबल हादरलं आणि फुलं एकमेकांवर कोसळली. बारीक, कोरडा आवाज झाला. मग टेबलावर नुसत्या पिवळ्या कपच्या उरल्या.

दादाचा चेहरा उतरला. “मी... मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दाम केलं असतंस तरी मी पुन्हा केलीच असती,” साखरी म्हणाली. “आणि आता मोठी करणार. रस्त्यावरून दिसतील एवढी. तुला लाज वाटत असेल तर तू येऊ नकोस. ताईनं तुला शिकवायला स्वतःची शाळा सोडली, तेव्हा लोक काय म्हणतील ते तिनं विचारलं नव्हतं.”

दादा निघून गेला.

खरी लढाई मात्र त्यानंतर झाली, आणि ती ताईशी. बातमी ऐकून ताई आली, त्या कपच्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “जाऊ दे गं. साधाच आण. त्याला वाईट वाटायला नको.”

साखरीच्या अंगाचा तिळपापड झाला. “जाऊ दे, जाऊ दे! जन्मभर हेच! शाळा जाऊ दे, स्थळं जाऊ दे, आता फुलं पण जाऊ दे. उद्या घड्याळवाल्यालाही जाऊ दे म्हणशील!”

“त्याला नाही म्हणणार,” ताई पटकन म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

“मग बाह्या वर कर.”

साखरीनं थंड पाण्याची बादली तिच्यापुढे ठेवली. ताईनं हात बुडवले, पुसले, लाटणं धरलं. जन्मभर कापड हाताळलेले तिचे हात. लगदा तिला लवकर कळला. “ही तर झालर घालायची, त्यात काय एवढं!” म्हणत ती चुण्या पाडू लागली. साखरीचा नवरा दाराशी येऊन जेवणाचं विचारू लागला, तेव्हा दोघी एकदम ओरडल्या, “पाव आहे!”

लग्नाच्या दिवशी हॉलच्या मधोमध केक उभा होता. खालून वरपर्यंत हिरवा वेल चढत गेलेला आणि त्यावर पिवळीधमक फुलं, काही साखरीची सुबक, काही ताईची दांडगट. पाहुण्यांत कुजबुज झाली. दूरच्या नात्यातली एक काकू हसून म्हणालीच, “अगोबाई, भोपळा! नवरीच्या वयाला साजेसा जून.”

आवाज जरा मोठाच पडला. घड्याळवाला पुढे सरसावला, पण ताईनं त्याला हातानं थांबवलं. तिनं केकवरचं सगळ्यांत मोठं फूल उपटलं आणि सगळ्यांसमोर कराकरा खाल्लं. ओठांना केशरी रंग लागला.

“काकू, जून भोपळाच जास्त गोड असतो,” ती म्हणाली. “तुम्हालाही देते, थांबा. इथे कुणाला हसायचं असेल त्यानं तोंड भरून हसावं. तोंड भरायची सोय केलीय माझ्या बहिणीनं.”

आधी घड्याळवाला हसला, मग सगळा हॉल. काकूनंही निमूटपणे फूल घेतलं आणि खाऊन संपवलं.

दादा आला होता. दाराशीच उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात. साखरी बशी घेऊन त्याच्याकडे गेली. माफी त्यानं मागितली नाही, आणि तिनंही ‘झालं गेलं’ म्हटलं नाही.

“मुठीनं मोडलीस,” ती म्हणाली, “आता दातांनी मोड.”

त्यानं फूल घेतलं. खाताना त्याची मान खाली होती. मिशीत साखर अडकली, ती त्यानं पुसली नाही. मग तो तसाच पुढे गेला आणि ताईच्या शेजारी, फोटोत येईल असा, उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात एक बाई साखरीच्या दारात आल्या. मुलीचं दुसरं लग्न होतं. जरा चाचरतच म्हणाल्या, “केक छोटासाच हवाय हो. फार कुणाच्या डोळ्यावर येणार नाही असा.”

“तसा हवा असेल तर समोर बेकरी आहे,” साखरी म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. “बसा आधी. आणि मुलीला बोलवा. फुलं कुठली हवीत, ते मी तिलाच विचारते.”