अद्ययावत

जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांचा खडखडाट, खिडकीतून येणारा सरकीचा उग्र-स्निग्ध गंध, आणि समोर काळ्या पडद्यावर लुकलुकणारा तो एकटा कर्सर! चिखलीतली माझी सकाळ अशी उजाडते. चहा निवेपर्यंत मी टर्मिनलवर एक आज्ञा देतो, आणि अडत्यांच्या बिलांपासून शाळेच्या हजेरीपर्यंत आम्ही लिहिलेल्या साऱ्या प्रोग्रामांच्या रिपॉझिटरी, म्हणजे प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या वह्याच, एकामागून एक आपली हालहवाल सांगतात: काही बदल नाही, सगळं अद्ययावत आहे.

आम्ही म्हणजे मी आणि अमडापूरचा संजू. वर्षानुवर्षे एका टेबलावर बसलो, एका डब्यातली ठेचा-भाकर खाल्ली, आणि तो पुण्याला नोकरीला निघाला तेव्हा मी असा काही फुगून बसलो की त्याचे फोनही उचलले नाहीत. जाताना तो म्हणाला होता, "मी तिकडून बी काम पाठवत जाईन, तू पाह्यत जाय." त्या जुन्या कामांना मी रागाने हात लावला नाही, पण पाहत होतो की! रोज पाहत होतो, आणि रोज तेच उत्तर आल्यावर म्हणत होतो, गेला, विसरला, पुण्याचा झाला! निःशब्दतेचाही कसा सराव होतो माणसाला! सारं जागच्या जागी आहे हेच मग खायला उठतं.

परवा एका नव्या गिऱ्हाइकाचं काम जोडायला ती आज्ञा ज्या फाइलीत लिहून ठेवली होती ती उघडली आणि कपाळावर हात मारला. इथलं नेट रडतखडत चालणारं, म्हणून दोघांचं काम जिथे जमा होतं त्या सर्व्हरला विचारण्याची ओळ मीच कधीतरी काढून टाकली होती. म्हणजे माझाच संगणक जुन्या माहितीवरून मला 'अद्ययावत' म्हणत होता; संजूकडचं नवं काही आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं! दुसऱ्याचं मौन म्हणून आपण जे उराशी धरतो, ते पुष्कळदा आपलं न विचारणंच असतं ना?

ओळ परत घातली. थोडा वेळ काहीच हललं नाही, मग संजूची कामं धडाधड उतरली. प्रत्येक बदलासोबत त्याची खुलाशाची एक ओळ. "अडत्याचं बिल सुधारलं, पाहून घेजो." मग, "फोन काऊन नाई उचलत बे?" आणि शेवटची, दिवाळीच्या सुमाराची: "तू पाह्यतच नाई. आता पाठवनं बंद करतो."

फोन लावला, त्याने उचलला नाही. बरोबरच आहे, मी तरी कुठे उचलत होतो! मग नुसत्या निरोपापुरता एक रिकामा बदल तयार केला, त्यावर लिहिलं, "पाह्यलं बे संजू, आजच पाह्यलं," आणि पाठवून दिला. तेव्हापासून थोड्या थोड्या वेळाने विचारतो आहे. आता आज्ञा खरोखर सर्व्हरपर्यंत जाऊन येते, आणि तिथे खरंच कुणी काही लिहिलेलं नसतं.