डोसच्या आधीचा स्वयंपाक

दुखण्यात माणसाकडे औषधांच्या बाटल्या साठतात, रिपोर्ट साठतात. आमच्याकडे किस्से जास्त साठले. मी सातवीत शाळा सोडली, पण शारजाला आल्यापासून रोजनिशी लिहितो. कोणी शिकवलं नाही, लिहीत गेलो. केमो सुरू व्हायच्या आधी नवी वही घेतली आणि तीन रकाने पाडले: काय खाल्लं, किती खाल्लं, वजन. बाकीचं काही घडेल असं वाटलंच नव्हतं, त्यामुळे ते समासात लिहावं लागलं. शेवटी शेवटी समास रकान्यांपेक्षा जास्त भरले. त्यातलंच थोडं सांगतो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शारजाच्या रोल्ला भागात एका जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघे राहायचो, बायकामुलं गावी. तांडेल वेंगुर्ल्याचा, लेबर कॅम्पच्या किचनमध्ये कुक. भोसले कोल्हापूरकडचा, बांधकाम कंपनीत प्लॅनिंग क्लार्क. चव्हाण पेंटर; तो आठवड्यातून दोनदा बोलायचा, त्यातलं एकदा नुसतं ‘हं’. आणि मी परब, स्पेअर पार्ट्सच्या गोडाऊनचा स्टोअरकीपर, वय अठ्ठेचाळीस, मानेत गाठ.

*

पहिल्या डोसच्या दहा दिवस आधी हॉस्पिटलातल्या डाएटच्या मॅडमनी बोलावलं. मल्याळी बाई, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. सोबत तांडेल आला होता. मॅडमनी समजावलं की डोसनंतरचा पहिला आठवडा खायची इच्छा होणार नाही, फोडणीच्या वासानेसुद्धा मळमळेल. म्हणून मऊ, बिनतिखट जेवण आधीच करायचं, लहान डब्यांत भरायचं आणि लगेच फ्रीझरमध्ये टाकायचं. मग दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. एवढं सांगून त्यांनी पेन उघडलं. “घर में खाना कौन बनाता है? वाइफ को बुलाओ.”

मी म्हटलं, वाइफ चिपळूणला आहे. इथे चार पुरुष आहेत, पाळीपाळीने करतो.

मॅडमनी पेनाला टोपण परत लावलं. मग शांतपणे सांगितलं की आज वजन चौपन्न आहे. पन्नासच्या खाली गेलं तर डॉक्टर पुढचा डोस थांबवतील. आणि डोस थांबला म्हणून गाठ थांबत नाही.

एसीत बसून मला घाम फुटला. तांडेलने मात्र कॉलर नीट केली. “मॅडम, चालीस आदमी मेरे हाथ का खाता है. एक भी पतला नहीं हुआ.”

“और बीमार कितने हुए?” मॅडमनी विचारलं.

तांडेल छताकडे बघायला लागला.

*

भोसलेने ऑफिसातून हा एवढा मोठा कागद आणला आणि भिंतीवर चिकटवला. बिल्डिंग उभी करण्याआधी करतात तसा तक्ता होता. आडव्या रेघा: डाळ-तांदूळ आणणे, शिजवणे, थंड करणे, डबे भरणे, लेबल लावणे. डोसचा दिवस लाल. मी चष्मा लावून वाचत गेलो आणि एका रेघेवर अडकलो. लिहिलं होतं: ‘परबदादा उलटी. दिवस दुसरा ते चौथा. रोज तीन.’

“अरे भोसले, अजून पहिली सुईसुद्धा टोचलेली नाही!”

“दादा, प्लॅनमध्ये धरावीच लागते,” तो गंभीरपणे म्हणाला. “नाहीतर नऊ डबे कमी पडतील. तुम्ही कमी केल्यात तर तेवढे वाचले.”

*

तांडेलला चाळीस माणसांच्या खाली स्वयंपाकाचा अंदाजच येत नाही. त्याची मूठच चाळिसाची. शुक्रवारी सुट्टीला त्याने मुगाची मऊ खिचडी टाकली. दिवसाला सहा, सात दिवसांचे बेचाळीस डबे, आणि भोसलेच्या उलट्या वगैरे धरून त्रेसष्ट. डबे भरून झाले, ओळीने मांडून झाले. मग भोसलेने फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात मावले अकरा.

बावन्न डबे फरशीवर आणि आम्ही चौघे त्यांच्याकडे बघत उभे. त्रेसष्ट डब्यांचं प्लॅनिंग केलेल्या माणसाने कप्पा मोजलाच नव्हता! चव्हाण काही न बोलता चप्पल घालून खाली गेला. अर्ध्या तासाने बाहेर धडधड ऐकू आली. गल्लीतली एक ग्रोसरी बंद होत होती, तिथला आइस्क्रीमचा फ्रीझर तो दोन पठाणांना धरून जिन्यावरून वर चढवत होता. सरकती काचेची झाकणं, चारी बाजूंना कोनची रंगीत चित्रं. “यल्ला, यल्ला,” म्हणजे चला चला, एवढंच तो बोलला, आणि तेही पठाणांना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात बिल्डिंगमधली चार मुलं. “अंकल, वन चॉकलेट कोन, प्लीज.”

तिसऱ्या मजल्यावर आइस्क्रीमचं दुकान निघालं अशी बातमी पसरली होती. तांडेलने मुलांना आत घेतलं आणि खात्री पटावी म्हणून काच सरकवून दाखवली. एका मुलीने टाचा उंच करून डब्यावरचं भोसलेचं लेबल वाचलं, “डे थ्री, ब्रेकफास्ट.” मग दुसरं, “डे थ्री, लंच.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “अंकल, धिस इज सो सॅड.”

तांडेल त्याच पावली खाली जाऊन कोनचा खोका घेऊन आला.

*

घरी मी सुनंदाला गाठीचं सांगितलं नव्हतं. पोटाची तक्रार आहे, दोन महिने पथ्य आहे, एवढंच. दुसऱ्या डोसच्या आधी मॅडमनी खिचडीच्या जोडीला नाचणी सांगितली. ती आम्हा चौघांपैकी कोणालाच करता येत नव्हती. म्हणून खालच्या फोनबूथमध्ये कार्ड घातलं आणि चिपळूणला फोन लावला. मुलांचं विचारलं, पावसाचं विचारलं आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, नाचणीची आंबील कशी करतात गं?

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“लग्नाला चोवीस वर्षं झाली,” ती म्हणाली. “घरात नाचणी शिजली की तुम्ही ओटीवर जाऊन बसता. सासूबाईंनी शपथ घातली तरी कधी घोट घेतला नाहीत. आज आपणहून मागताय.” मग म्हणाली, “आधी दुखण्याचं नाव सांगा. मग कृती सांगते.”

मी नाव सांगितलं.

ती रडली नाही. “लिहून घ्या,” म्हणाली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश सगळं सांगितलं, सारखं ढवळत राहायचं इथपर्यंत. कार्ड संपलं तेव्हा तिचं सांगून झालेलं होतं.

बाहेर तांडेल उभा होता. त्याने विचारलं, “काय म्हणाली वहिनी?”

मी म्हटलं, “एक वाटी पिठाला चार वाट्या पाणी.”

*

दुसऱ्या डोसचा आठवडा ऑगस्टात आला. फोडणीचा वास नको म्हणून पाच दिवस आमचा गॅस पेटलाच नव्हता. मी आपला डबा विजेच्या किटलीतल्या गरम पाण्यात ठेवून खायचो. बाकीचे कुठे जेवतात विचारलं तर भोसले म्हणाला, खालच्या हॉटेलात, उत्तम चाललंय.

शुक्रवारी दुपारी जरा बरं वाटलं म्हणून ओली चादर घेऊन हळूहळू गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीची सावली पडते हातभर. त्या हातभर सावलीत तिघे एका ओळीत, बनियनवर, भिंतीला पाठ लावून बसलेले. मांडीवर खुबूसच्या रोट्या, मध्ये टूना माशाचा डबा. घामाने तिघांचे चेहरे नुकतीच आंघोळ केल्यासारखे.

मी विचारलं, हॉटेल कुठे गेलं?

“हॉटेलात कपड्यांना वास लागतो,” तांडेल म्हणाला. “मग ते कपडे घालून तुझ्या खोलीत कसं यायचं?”

“मग खाली बसून खा ना. टूनाच तर आहे.”

“टूनाला वास नसतो?”

भोसले डोळ्यांत जाणारा घाम पुसत म्हणाला, “आणि दादा, वर हवा पण बरी असते.”

*

आता आमच्या मेसचा नियम सांगायला हवा. जो जेवणाला नावं ठेवील, उद्याची पाळी त्याची. हा नियम नऊ वर्षांत कोणाला लावायची वेळ आली नव्हती. भोसलेने एकदा आमटीत मिठाऐवजी साखर घातली, तीही सगळ्यांनी संपवली. चव्हाण तर म्हणाला, “हं.”

दुसऱ्या डोसनंतर माझ्या तोंडाची चव गेली. खिचडी खाल्ली की खिळे चघळल्यासारखं वाटे. पण नऊ वर्षांची सवय! कोणी विचारलं की तोंडातून निघायचं, “छान झालीय.” छान झालीय म्हटल्यावर तांडेलने पुन्हा तीच केली, तिसऱ्या डोसच्या आधी पुन्हा त्रेसष्ट डबे. मी निम्मा डबा खायचो, उरलेला कागदात गुंडाळून टाकायचो आणि वहीत खरं ते लिहायचो. वही कोण वाचणार?

तिसऱ्या डोसनंतर बारा दिवसांनी मॅडमनी वजन केलं. पन्नास किलो तीनशे ग्रॅम. चौथ्या डोसला राहिले होते नऊ दिवस. त्यांनी माझी वही मागितली, पानं उलटली, मराठी कळेना. म्हणून त्यांनी ती तांडेलच्या हातात दिली. “आप पढ़ो.”

मला वही हिसकावून घ्यावीशी वाटली. तांडेल मोठ्या उत्साहाने वाचायला लागला. “खिचडी, निम्मी. खिचडी, निम्मी. खिचडी, चार घास.” आवाज उतरत गेला. “खिचडी, दोन घास. बाकी टाकली.” पुढचं पान त्याने उलटलं नाही.

घरी आल्यावर त्याने दोघांना बोलावलं, मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, “आता खरं सांग. कशी लागते?”

“लोखंडासारखी,” मी म्हटलं.

भोसले तांडेलकडे बघायला लागला, चव्हाण जमिनीकडे. चाळीस माणसांना जेवू घालणाऱ्या माणसाला हे तोंडावर ऐकायची सवय नव्हती. तो म्हणाला, “खलास. नियम म्हणजे नियम. उद्याची पाळी तुझी. तुला वाटेल ते कर.”

*

चौथा डोस वेळेवर मिळाला. त्या दिवशी वजन एकावन्न भरलं. ते कसं भरलं, ते सांगून थांबतो.

तांडेलने पाळी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्यासमोर स्टूल घेऊन बसलो आणि उकड्या तांदळाची पेज टाकली. तिघे दारात उभे. कोणी मदतीला आला की तांडेल त्याला मागे ओढायचा, पाळी त्याची आहे म्हणून. पेज शिजली. मी मीठ घातलं, चाखलं, काही कळलं नाही. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा जिभेवर कुठेतरी लांब काहीतरी लागलं. वर लिंबू पिळलं आणि सगळ्यांना वाढलं.

मी दोन वाट्या प्यायलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, पूर्ण दोन वाट्या! समोर भोसलेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, माझ्याकडे बघून. चव्हाण तांब्याभर पाणी प्यायला आणि पुन्हा वाटीकडे वळला.

उठताना मला भिंत धरावी लागली. पाठ घामाने भिजली होती. तरी इतकं बरं वाटत होतं की म्हटलं, “उद्यापण मीच करतो. रोज मीच करतो.”

भोसलेने वाटी खाली ठेवली. “खारट आहे.”

आम्ही सगळे त्याच्याकडे बघतच राहिलो. नऊ वर्षांत आमच्या घरात हा शब्द निघाला नव्हता.

“आणि दाणा कच्चा राहिलाय,” तांडेल घाईघाईने म्हणाला. “मी आधीच बोलणार होतो.”

“आधी मी बोललो. उद्या मी करणार.”

“तुझं नुसतं मीठ. माझा तांदूळ आहे. तांदूळ मोठा की मीठ?”

दोघांची जुंपली. तेवढ्यात चव्हाणने घसा खाकरला. तो बोलणार म्हटल्यावर दोघेही गप्प झाले.

“मला यातलं काहीच आवडलं नाही,” चव्हाण म्हणाला. “आठवडाभर पाळी माझी.”

आणि त्याने वाटी माझ्यापुढे केली. “वाढा दादा, आणखी.”