पहिल्या रविवारचा डबा

मिशनवर असताना सगळ्यात अवघड काय वाटतं, असं कुणी विचारलं की मी "ऊन" म्हणायचे. दुबईत हे उत्तर कुणालाही पटतं आणि पुढचे प्रश्न येत नाहीत. खरं उत्तर असं होतं की माझी ताई दुबईतल्या करामा भागात राहत होती, मीही करामातच राहत होते आणि मला तिच्या घरी जाता येत नव्हतं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटतं आमचं भांडण होतं.

आम्ही पुण्याचे. आई नोकरी करायची, त्यामुळे मला खरं वाढवलं ते ताईने. ती माझ्याहून बरीच मोठी. शाळेत सोडणं, वेण्या घालणं, जेवताना नाटकं केली की घास कोंबणं आणि तरीही ऐकलं नाही तर पाठीत धपाटा, हे सगळं तिच्याकडे होतं. कॉलेजात गेल्यावर मी एका मैत्रिणीबरोबर चर्चमध्ये जायला लागले. त्या पंथाला लोक मॉर्मन म्हणतात. पुढे बाप्तिस्मा घेतला. आई रडली, बाबा पेपरात डोकं घालून बसले. ताईचं तेव्हा लग्न झालेलं होतं. बातमी कळल्यावर ती तडक माहेरी आली आणि म्हणाली, "देव बदललास ते एक वेळ समजू शकते. पण चहा सोडलास?"

आमच्यात चहा-कॉफी घेत नाहीत. ताईने ते मनाला लावून घेतलं. पुढे कितीतरी महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आमच्या चर्चमधली तरुण मुलं-मुली वर्ष-दीड वर्ष, कुणी दोन वर्षं घर सोडून चर्चचं काम करतात. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नसतं, वरून कळतं. मला थंडीचा देश मिळणार अशी माझी इतकी खात्री होती की मी दोन लोकरीचे कोट घेऊन ठेवले होते. मिळाली दुबई. कोट अजून तसेच आहेत.

मिशनचे नियम कडक. एक सोबतीण दिलेली असते आणि ती कायम नजरेच्या टप्प्यात हवी. माझी सोबतीण फिलिपिनो होती, माझ्याहून लहान, दिवसभर गुणगुणणारी. सुरुवातीला मला तिचा फार राग यायचा, कारण माझी चिडचिड झाली की ती हसायची. सिनेमा नाही, भटकणं नाही. घरच्यांशी बोलणं आठवड्यातून एकदा, सोमवारी. आणि घरच्यांना भेटायचं नाही. हा शेवटचा नियम पुण्यात ऐकला तेव्हा मला अगदीच निरुपद्रवी वाटला होता. घरचे लोक समुद्रापलीकडे असताना भेटणार तरी कसे?

सकाळी गच्चीवर व्यायाम करायचा. समोरच्या इमारतीतली बॅचलर मंडळी कपडे वाळत घालता घालता आमच्या उड्या बघत असायची. मग वाचन, प्रार्थना आणि बाहेर पडताना छातीवरचा चर्चच्या नावाचा बिल्ला काढून पर्समध्ये. इथे आपणहून कुणाकडे धर्माचा विषय काढायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे आमचं काम म्हणजे आमच्याच लोकांना धरून राहणं. कुणाच्या तरी घरी मुलं सांभाळणारी एखादी बाई, तिला आठवड्यात एकच सुट्टी. इंटरनॅशनल सिटी नावाच्या लांबच्या वस्तीत एका खोलीत राहणारं एक तेलुगू जोडपं. एकदा त्या जोडप्यासाठी आम्ही ड्रॅगन मार्टमधून पडद्यांचे दांडे बसमधून नेले. वळण आलं की दांडा कुणाच्या तरी डोक्यात. लोकांच्या घरी बसायचं, ऐकायचं, भांडी घासायची आणि समोर आलेला कडक चहा हात जोडून परत करायचा. चहा परत केला की भारतीय माणसाचा चेहरा पडतो तो पडतोच. मग तो सावरायला मी दोन-दोन ग्लास पाणी प्यायचे.

मला येऊन सहाएक महिने झाले असतील, तेवढ्यात भाऊजींना दुबईत नोकरी लागली. त्यांनी घर घेतलं ते करामात, कारण तिथे सगळं मिळतं. कढीपत्ता, कुळथाचं पीठ, शिवाय मेट्रो जवळ. आमच्या बसथांब्याकडे जाणारी गल्लीच त्यांच्या इमारतीखालून जायची.

पहिल्या सोमवारी ताईचा चेहरा स्क्रीनवर नुसता फुलला होता. इतक्या दिवसांचा अबोला कुठल्या कुठे गेला. "अगं, चालत ये! यल्ला, निघ. आमटी-भात टाकते." इथलं 'चल, चल' तिने आल्या आल्या उचललं होतं.

"ताई, नाही येता येत."

"का? आज ऑफ आहे ना?"

मी नियम सांगितला. तिने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "बहिणीकडे जेवायला यायला कुणाची परमिशन लागते? खलास, मला नाही कळत हे."

मलाही कळत नव्हतं, पण मी तिला नियमामागचा अर्थ समजावत बसले. मन एका जागी राहावं म्हणून वगैरे. माझं मन एका जागी होतंच. ते तिच्या स्वयंपाकघरात होतं.

त्यानंतर रोज त्या गल्लीतून जाताना मी मान वर करायचे. पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत भाचीचे फ्रॉक वाळत असायचे. सोबतिणीला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिच्या बुटाची नाडी नेमकी तिथेच सुटायला लागली. ती खाली वाकायची, फार वेळ लावून गाठ मारायची आणि मी वर बघत उभी राहायचे. एकदा ताई बाल्कनीत होती. मी हात केला. तिने बघितलं आणि आत निघून गेली.

त्या सोमवारी ती म्हणाली, "वर यायचं तर ये. नाहीतर खालून बघत जाऊ नकोस. मला सोसत नाही."

मागून भाचीने फोनमध्ये तोंड घातलं. "मावशी, व्हाय आर यू ऑलवेज इनसाइड द फोन?"

आम्ही दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या गल्लीने जायला लागलो. ती लांब पडत होती, पण सोबतीण एकदाही कुरकुरली नाही.

मी मिशनच्या प्रमुखांना विचारलं. सत्तरीकडे झुकलेले अमेरिकन गृहस्थ, सगळं शांतपणे ऐकून घेणारे. म्हणाले की एकीला सूट दिली तर ज्यांची घरं लांब आहेत त्यांना काय सांगू? मग म्हणाले, रविवारच्या सभेला मात्र कुणीही येऊ शकतं. दार कुणालाच बंद नसतं. मला त्यांचा संताप आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

ताईला सांगितलं तर ती उसळली. "म्हणजे मी तुझ्या चर्चमध्ये यायचं? तू माझ्या घरी येणार नाहीस, आणि मी तुझ्या देवाच्या घरी? मलाही बाटवायचा विचार दिसतोय."

"मला फक्त तुला बघायचंय," मी म्हणाले. ते शंभर टक्के खरं होतं. मिशनवरच्या मुलीने चर्चचं आमंत्रण देताना मनात देव असायला हवा. माझ्या मनात ताईच्या हातच्या बटाट्याच्या काचऱ्या होत्या. तरीही दर रविवारी मी सभागृहाच्या दाराशी उभी राहायचे, येणाऱ्यांशी हात मिळवायचे आणि त्यांच्या खांद्यावरून फाटकाकडे बघायचे. ती आली नाही. कितीतरी रविवार आली नाही.

मग माझ्या व्हिसाची भानगड झाली. तो वाढणार नव्हता. उरलेलं मिशन बंगळुरूला करायचं आणि मंगळवारी निघायचं, असं प्रमुखांनी बोलावून सांगितलं. स्वतःच म्हणाले, बहिणीला आत्ताच फोन कर, सोमवारची वाट बघू नकोस.

ताईने ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "रविवारी कुठे भरतं तुमचं ते?"

आनंदात माझं डोकंच चालेनासं झालं. तो महिन्याचा पहिला रविवार होता हे मला माहीत होतं, आमच्यात त्या दिवशी उपास असतो हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी ताईला सांगायला हव्यात, हे काही सुचलं नाही. ताई माझ्याकडे येणार म्हणजे मोकळ्या हातांनी येणार नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

रविवारी ती आली. चांगली साडी, गजरा, कडेवर भाची आणि हातात चार पुडांचा स्टीलचा डबा. भाऊजी गाडी लावायला गेले होते. मी धावले. बिल्ला, सभ्यपणा, सगळं विसरून तिच्या गळ्यात पडले. तिने मला लांब धरून न्याहाळलं. "काय गं ही अवस्था? गालाची हाडं वर आलीत." भाची मला हात लावून बघत होती.

पहिल्या रविवारच्या सभेत ठरलेलं भाषण नसतं. ज्याला वाटेल त्याने उठावं, पुढे जावं, आपल्या श्रद्धेबद्दल दोन शब्द बोलावेत. दोघं-तिघं बोलून आली. मग काही क्षण कुणीच उठेना. ताईला वाटलं असावं की हळदीकुंकवात नवीन बायका ओळख करून देतात तसला काही प्रकार आहे आणि लोक तिच्यासाठी थांबलेत. तिने भाचीला माझ्या मांडीवर दिलं, पदर सावरला आणि सरळ माइकपाशी गेली. मी तिचा पदर धरायला हात पुढे केला, तो हवेतच राहिला.

"नमस्ते," ती म्हणाली. "मैं इसकी बडी बहन. आप लोगों का मुझे कुछ समझा नहीं." लोक हसले. "इसको मैंने संभाला छोटी थी तब. अभी आप लोग संभालते हो. ये बहुत जिद्दी है, खाना नहीं खाती, मालूम होगा. तो थँक्यू बोलने आयी. नमस्कार."

आणि सगळं सभागृह सवयीने एका सुरात म्हणालं, "आमेन."

मी भाचीच्या केसांत तोंड लपवलं. सोबतिणीला हिंदीचं अक्षर कळत नव्हतं, पण तीही डोळे पुसत होती.

सभा संपल्यावर आम्ही मुलांच्या वर्गात बसलो, लहान लहान खुर्च्यांवर. सोबतीण दारात उभी राहिली. ताईने डबा उघडला. आंबट-गोड आमटी, भात, शेंगदाण्याची चटणी आणि वरच्या पुडात काचऱ्या, कडेला करपलेल्या, मला आवडतात तशा. वास आला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

"जेव," ताई म्हणाली.

"ताई, आज उपास असतो."

"उपास? अगं बाई, आधी सांगायचं नाही? साबुदाणा भिजवला असता."

"तसा नाही. काहीच खायचं नाही. संध्याकाळपर्यंत."

"पाणी?"

"पाणीही नाही."

"निर्जळी?" तिचे डोळे मोठे झाले. "या उन्हात?"

सोबतिणीला वासावरून आणि आमच्या तोंडांवरून सगळं कळलं असावं. ती इंग्रजीत म्हणाली, खा, उपास तुझा आणि देवाचा आहे, कुणी काही म्हणणार नाही. तिचं बरोबर होतं. आमच्यात उपासाची सक्ती नसते. मला तर खायचंच होतं. त्या क्षणी मला देव नको होता, मोक्ष नको होता, ताईच्या समोर बसून जेवायचं होतं. मी भातावर आमटी घेतली, कालवली, घास उचलला.

ताईने माझं मनगट धरलं. "ती काय म्हणाली?"

मी सांगितलं.

"कुणी काही म्हणणार नाही म्हणून मोडायचा?" तिने तो घास माझ्या हातातून काढून घेतला. जिने जन्मभर माझ्या तोंडात घास कोंबले, ती. "उपास म्हणजे उपास. कुठल्याही देवाचा असू दे. माझ्यामुळे तुझा मोडला असं नको व्हायला."

तो घास तिने भाचीला भरवला. मग एकेक पूड बंद केला, दांडी लावली. भाची काचऱ्या मागत राहिली म्हणून वरचा तेवढा पुन्हा उघडला. ती एकेक काचरी कुरकुरत खात होती आणि आम्ही दोघी बघत बसलो होतो. चहावरून रुसलेली माझी बहीण त्या दिवशी माझ्या देवाच्या बाजूने बोलली होती. मला इतकं बरं वाटलं आणि इतकी भूक लागली होती की मी रडायला लागले. "आता पाणी काढू नकोस डोळ्यांतून," ती म्हणाली, "पोटात थेंब नाही." भाऊजी दारात येऊन घड्याळाकडे बघायला लागले, तेव्हा ती उठली.

डबा ती ठेवून गेली. संध्याकाळी उपास सोडताना मी आणि सोबतीण जमिनीवर बसून जेवलो. गरम केलं होतं, तरी भात कोरडा पडला होता. सोबतिणीने आमटी दोनदा घेतली. ताईच्या हातचं सगळं होतं, चव तीच होती आणि मला ते संपवायचं नव्हतं.

सोमवारी फोन लावला. बॅग अर्धी भरून झाली होती. ताई म्हणाली, "आईला सांगितलं मी. धाकटी कडक उपास करते म्हटलं. आईला खरंच वाटेना." तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. मग म्हणाली, "काचऱ्या कमी पडल्या ना? पोरीने खाल्ल्या सगळ्या."

"पुरल्या," मी म्हणाले.

बोलायचं संपलं होतं. फोन ठेवायचं मात्र दोघींच्याही मनात येईना. शेवटी ताईने फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि माझ्याकडे पाठ करून भाजी चिरायला घेतली. फोडणीचा आवाज आला. तिने भाऊजींना हाक मारली, भाचीला खुर्चीवर बसवलं, ताटं घेतली. चार घेतली. मग त्यातलं एक परत फडताळात ठेवलं.